अठरा माणसांचा बर्फ

शिवडीच्या बर्फ कारखान्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत
गतिरोधक अकरा.
त्यातले दहा मला ओळखतात.
अकरावा कुणीतरी रातोरात घातला, रे रोडला, बिनरंगाचा.
परवा पहाटे त्याने माझ्या पिकअपचं पोट खरवडलं,
आणि हौद्यातल्या अठरा लाद्या
एकदम बोलल्या.

सर्वेश म्हणाला, मामा, टायर मोठे घाल.
त्याच्या मोबाईलमध्ये एक गाडी दगडांवरून चढते,
टायर दरवाजाला भिडलेले,
खाली म्हणे शेळी उभी राहील.
मी म्हटलं, शेळी कुठे न्यायचीय आपल्याला,
सुरमई ताजी राहिली म्हणजे झालं.

तरी गेलोच कुर्ल्याला.
परकार उस्ताद, मूळचे खेडचे.
नाव परकार, आणि जन्मभर धंदा वर्तुळांचा.
दोनशे पंधराच्या जागी दोनशे पस्तीस घालू का?
त्यांनी चहा बशीत ओतला,
निवेपर्यंत हिशेब केला:
टायर वाढतो तीस मिलिमीटर, गाडी उचलते पंधरा.
उरलेले पंधरा कुठे जातात?
वर. हौद्याच्या तळाकडे.
काटा साठ म्हणेल तेव्हा तू साडेबासष्टने जात असशील,
आणि दुसऱ्यात चढणारी गाडी
पहिल्यात कण्हेल.
पाटे तेच ठेवणार ना?

पाटे तेच.
पाट्यांचे पैसे सर्वेशच्या आयटीआयला गेले.

बोलले नाहीत. एक मोठा टायर आणला, मागे चढवला,
टायर आणि तळ यांच्यामध्ये हात घातला:
एक वीत. सर्वेश हसला.
उस्ताद म्हणाले, ही रिकाम्या गाडीची वीत आहे. बर्फ कुठाय?

बर्फ धक्क्यावर वितळून गेला होता.
मग त्यांनी गल्लीला हाक मारली.
ग्रिलवाला दत्ताराम चढला, त्याचे दोन वेल्डर चष्म्यांसकट,
भुर्जीवाला, हातात पलिता तसाच,
रिक्षा धुणारे तिघे, पाय ओले,
कुणाकडे तरी पाहुणे आलेले दोन जावई
(एकटा एक नव्वद किलोचा, त्याला अगदी मागे बसवला).
वीत गेली. मूठ उरली.
अजून या, उस्ताद ओरडले, अजून तीनशे कमी आहेत!
शिकवणीवाले काकडे सर आले, मिठाईवाल्याची पोरं आली,
सतरा झाले, तेव्हा चप्पल काढून उस्ताद स्वतः चढले,
आणि खाली मी,
डांबरावर आडवा, हात आत.
मूठ गेली.
चार बोटं.
तीन.
दोन.

आता सगळे एकदम उडी मारा, वरून आवाज आला,
हा तुझा रे रोड समज.
मी हात काढला, बरं झालं काढला.
खस्स.
टायर तळाला घासला,
दिवाळीतल्या फुसक्या बारसारखा,
आणि अठरा माणसं इतकी हसली
की गाडी अजून दोनदा खाली बसली.

शेवटी दोनशे पंचवीस घेतले.
साडेसात मिलिमीटर. पेन्सिलीच्या जाडीएवढी उंची
चार टायरांच्या भावात.
सर्वेश घरी येईपर्यंत बोलला नाही,
मग लालबागला एकदम म्हणाला,
त्या जावयाला काय खायला घालतात रे?

आता रे रोडला मी वेग मोडतो,
गतिरोधकाला तिरका भिडतो,
एक चाक, मग दुसरं,
म्हातारीला पायरी उतरवावी तसं.
आणि कारखान्यात हमाल आकड्याने लादी ओढून
हौद्यात ढकलतात, तेव्हा आकडे मोजायचं मी सोडलंय.
हा दत्ताराम. हा वेल्डर. हा दुसरा.
काकडे सर, जरा सरका.
सगळ्यात शेवटची, कडेला तडा गेलेली,
ते उस्ताद.
झाले अठरा.
पाटे एकदा कुरकुरतात, गप्प होतात,
आणि मी वाकून न बघता
दोन बोटं हवेत धरतो.