रुमाल क्रमांक एकतीस

काळ्या घोड्याच्या मागच्या गल्लीत, दफ्तरखान्यात
पानाला चाळीस रुपयांनी मी मोडी वाचते.
या महिन्यात वाट्याला खेळोजी नाईक.
वेसाव्याच्या खाडीवर, जिथून आता मढची फेरीबोट सुटते,
तिथे फिरंग्याशी वर्षभर झुंजलेला माणूस.
अक्षर वाईट. त्यात पाणी पडलेलं.

पहिलं पत्र लुटीचं.
तोफा तीन. भात खंडी नऊ.
म्हशी नग बारा.
बटकी नग सात, पैकी एक गाभण.

मी पेन्सिल खाली ठेवली.
म्हशींच्या ओळीतला शब्द
त्यांनी एक ओळ खाली उतरवला होता,
लेखणी न उचलता.

दुसरं धाकट्या भावाला:
"बटकी वडिलांचे वेळेसही होत्या.
ओटा कोणी सारवावा? हे ईश्वरेच नेमिले."
भावाचं पत्र रुमालात नाही.
पण कुणीतरी विचारलं होतं, एवढं नक्की.

वेढ्याच्या चौथ्या महिन्यात दारू सर्दली,
माणसं हिवतापाने कुडकुडली,
आणि एका रात्री भरतीच्या पाण्यातून
किल्ल्यातला दुमिंग पोहत आला.
फिरंग्याचा हबशी गुलाम. खांद्यावर डाग दिल्याची खूण.
तटाची कच्ची बाजू त्याने वाळूत काढून दाखवली.
बक्षीस काय पाहिजे?
"मोहरा नको म्हणतो. हबशी आपणास आपण मागतो."

मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत.
इथे सुटली आहे.
शाईचा एक ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मग: "तूर्त दिला."
तूर्त.

त्यानंतर खाडीच्या दोन्ही काठांनी डांगोरा:
फिरंग्याचे गुलाम पळोन येतील ते मोकळे.
शत्रूची चूल विझवायला
दया अशी फार कामाची.
आपल्या छावणीतल्या सातजणींविषयी
नाईक अवाक्षर काढत नाहीत.

पण डांगोरा काय, जात्यावर बसलेल्यांनाही ऐकू येतो.

सातवं पत्र, कुणाला ते फाटलंय:
"बटीक सटी आज पीठ देईना.
म्हणे, हबशास दिले ते मजला का नाही.
कोरडे मारावयास सांगितले.
मग नको म्हणोन सांगितले.
कारण ध्यानी येत नाही.
लोक उपाशी निजले. मीही."

शेवटचं पत्र किल्ला पडल्यावरचं.
तोफा. भात. म्हशी.
मग "बटकी नग" एवढं लिहून वर आडवी रेघ,
आणि खाली नावं:
सटी व तिचे लेकरू, भागी, येसू, काळी, रखमी, पुती,
सातवं कसरीने खाल्लेलं.
"जातील तिकडे जावोत. खर्चीस दोन दोन रुपये."

त्याखाली वेगळं, वळणदार अक्षर. मुलाचं:
"तीर्थरूपांस ताप आहे. लिहिले मानू नये."

त्या गेल्या की नाही,
पुढचा रुमाल उघडल्याशिवाय कळणार नाही,
आणि पुढचा रुमाल आमच्याकडे नाही.

साडेपाचला पटवर्धनसाहेब टेबलाशी आले.
म्हणाले, आशयाच्या रकान्यात एक ओळ टाका,
"सेनानीचे उदार हृदयपरिवर्तन" वगैरे,
सूची छापायला जायचीय.

हृदयाचं मला वाचता आलं नाही.
रकाना लहान होता.
मी लिहिलं:
सटीने पीठ दिले नाही.