कंदिलात तेल कुणी घातलं

साखर पेठेतल्या रात्रीच्या वर्गात
बावीस वर्षं मी एकच कथा शिकवतो.
घाटावरचं गाव, पानोपानी धुकं,
खिडकीत कंदील, शहरातून परतणारा नायक
आणि त्याची बायको,
जिला लेखकाने नाव दिलेलं नाही.

नोट्स तयार आहेत, घड्यांवर फाटलेल्या.
धुकं म्हणजे नायकाच्या मनातला संभ्रम.
कंदील म्हणजे आशा.
उंबरठा म्हणजे उंबरठाच,
पण पाच गुणांना पुरेल इतका ताणावा.

एप्रिल. रात्रीचे आठ, भिंती अजून तापलेल्या.
शेजारच्या बोळात माग चालू,
त्यांच्या खटखटीच्या फटीत मला वाक्यं बसवावी लागतात.
मागच्या बाकावरून मल्लेशम बोल्ली विचारतो,
"सर, धुकं म्हणजे डाइंगमधल्या वाफेवानी का?"
वर्ग हसतो. मी म्हणतो, तसंच, पण थंड.
"थंड वाफ," तो स्वतःशी म्हणतो
आणि खिडकीबाहेर बघत राहतो.
त्याला संभ्रम माझ्यापेक्षा नीट कळला असावा.

भूदेवी गज्जम सहसा बोलत नाही.
दिवसभर विड्या वळून येते,
तिच्या पुस्तकाच्या पानांनाही तंबाखूचा वास.
त्या रात्री उभी राहिली.
"सर, मी मोजलं.
तिला अकरा वाक्यं आहेत.
नऊ वाक्यांत ती उभी आहे.
एकात वाकून चहा ठेवती.
एकात दिसतच नाही, नुसत्या बांगड्या वाजतात.
बसलीच नाही की हो ती कुठं."

मी म्हटलं, गौण पात्र आहे.
"असू दे की, सर.
पण कंदील रातभर पेटता होता म्हणून तीनदा लिहिलंय.
तेल कुणी घातलं?"

पंचवीसच्या कट्ट्यात एक विडी कमी असली
तर डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं म्हणे.
आणि मी, इतकी वर्षं टेबलामागे,
कारखान्यातल्या चेकरसारखा
लाल पेनने नुसती छाट काढत बसलेलो.

रविवारी कथा पुन्हा काढली.
शेवटचं वाक्य: दार उघडलं.
दरवर्षी इथे थांबून मी फळ्यावर लिहितो,
सूचक शेवट.
त्या दिवशी पहिल्यांदा व्याकरण आठवलं.
कडी आतून होती, असं चौथ्या पानावर आहे.
मग कर्ता कुठाय?

परीक्षेत प्रश्न तिसरा:
कंदील या प्रतीकाचा अर्थ स्पष्ट करा.
भूदेवीने लिहिलंय,
"एका भरणीला कंदील पहाटेपर्यंत जात नाही.
मध्ये दोनदा उठावं लागतं.
वात कापावी लागते, नाहीतर काच काळी होते.
काच काळी झाली असं लेखकाने लिहिलेलं नाही.
म्हणजे कुणीतरी उठलं होतं."
नमुना उत्तरात आशा हा शब्द आहे.
तिच्या उत्तरात नाही.

आणि डावीकडे, समासात,
शिसपेन्सिलीने, अगदी बारीक:
मग ती बसली.

समासातला मजकूर तपासू नये, असा नियम आहे.
मी नियम पाळला.
खुर्ची जराशी बाजूला सरकवली
आणि पुढचा पेपर
बराच वेळ उघडला नाही.