कोऱ्या ओळीसाठी

हानुस निवृत्त झाला,
दक्षिणेच्या बेटावर गेला, भावाच्या मेंढ्यांकडे,
आणि त्याचं मशीन माझ्या टेबलावर आलं.
एंटरची कळ घासून गुळगुळीत.

टोर्सहाव्नला नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
शेल उघडून मी खाडीचा खारटपणा विचारला.
३५.२
एवढंच.
माझ्या जुन्या मशीनवर असलं उत्तर
सोळा-सतरा आकड्यांची शेपटी ओढत यायचं,
टोकाला एक चुकार चार.

मग बाराशे नोंदींची यादी मागितली.
पाच आल्या. खाली: आणखी ११९५.
शितावरून भात.

म्हणजे मध्ये कोणीतरी बसलं होतं,
परत येणाऱ्या प्रत्येकाचे केस विंचरत,
नाक पुसत,
दारात उभं करण्याआधी.

शोधली ती फाईल.
चाळीस ओळी, समजावणारी टीप एकही नाही.
तारखा दिवसापासून सुरू.
शून्याखालचं तापमान निळं.
आणि तळाशी एक अट, मी दोनदा वाचली.

काहीच परत आलं नाही
तर शेल मूग गिळून बसतो,
सरळ पुढची ओळ मागतो. त्याचा स्वभावच तसा.
हानुसने तिथे लिहून ठेवलं होतं:
'ऐकलं. काही नाही.'

प्रयोगशाळेत येण्याआधी अकरा वर्षं
तो किनाऱ्याच्या रेडिओवर रात्रपाळीला होता.
पहाटे चारला एकेका बोटीला हाक.
सांगण्यासारखं काही नसेल
तर तसं सांगायचं, असा नियम होता.
न सांगणाऱ्या बोटीविषयी
हानुस जेवणाच्या सुट्टीतही बोलला नाही.

बाकी सगळं मी माझ्या सोयीचं केलं.
एक दशांश मला पुरत नाही, तीन केले.
पाचाऐवजी वीस ओळी.
निळा काढला, डोळ्यांना टोचायचा.
त्या अटीपाशी कर्सर बराच वेळ लुकलुकला.
फाईल जतन केली.

आज रात्री जुन्या नोंदी पुसायची आज्ञा दिली.
तिला परत काही द्यायचं नसतं, मला माहीत आहे.
कोट अंगात, एक बाही रिकामी,
तरी मी उभी राहिले.

ऐकलं. काही नाही.

मग दुसरा हात घातला
आणि दिवा मालवला.