तळघरात

व्होरूजवळच्या गावात, तळघरात,
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी
हेल्दूरने मोडक्या झाकणाचा जुना लॅपटॉप ठेवलाय.
फोटो आता तिथे राहतात.
खारवलेल्या काकड्या, बीट, आणि वाइके.

भाचीने फोनवर एकेक आज्ञा सांगितली.
हा जन्मभर बसची इंजिनं उघडणारा माणूस,
स्वल्पविरामासकट सगळं
कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेत गेला.
तिसऱ्या रात्री हिरवा दिवा लागला.
कुणाला सांगितलं नाही. चहा टाकला.

कंपनीतलं खातं मिटवताना
पडद्याने चारदा विचारलं, नक्की?
चारदा हो म्हणाला.
पाचव्यांदा कुणी विचारेना,
तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं.

दर बारा मार्चला कंपनी न मागता दाखवायची
वाइके, बर्फात,
एक बूट हातात धरून हसणारी.
वर छापील शब्द: तुमची आठवण.
यंदा बारा मार्च गेला.
तेराही.
चौदाला दाढी करता करता वस्तरा थांबला.
गालावर साबण तसाच,
तो जिना उतरला.

पंखा घरघरत होता.
कोण वाइके, कुठला मार्च,
त्या पेटीला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"बरं आहे," हेल्दूर म्हणाला,
आणि पोतं ओढून घेऊन
शोधायला बसला.