झिरो बघून घ्या

दिवसातून तीन-चारशे वेळा म्हणते मी हे.
झोपेतही म्हणते, असं सासू सांगते:
झिरो बघून घ्या.
लोक झिरो बघत नाहीत.
ते पुढचे आकडे बघतात,
दावं तोडून सुटलेल्या वासराकडं बघावं तसे.

जिंतूर रोड, फाट्यावरचा पंप.
टँकर मनमाडहून येतो रात्रभर चालून,
त्याची वाटखर्चीही आमच्याच लिटरात मुरलेली,
असं मॅनेजर हसत सांगतो.
त्याचा पगार माझ्याहून दोन हजारांनी जास्त आहे
आणि तोही चालतच येतो.

"फुल कर" हा शब्द मागं कधीतरी ऐकला,
दिवाळीच्या आसपास. पुण्याचं पासिंग होतं.
बाकी सगळे पन्नासचं म्हणतात.
शंभरचं म्हणताना आवाज जरा मोठा होतो,
मागच्यालाही ऐकू जावा इतका.
परवा एका पोरानं वीसचं मागितलं.
मशीनला वीस लगेच कळले,
मला वेळ लागला.

सोमवारी खय्यूमचाचा येतो, मणियार.
एम-एटीवर मागं बांगड्यांची पेटी,
ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेली.
झाकण उघडून टाकीत डोकावतो,
एप्रिलातल्या विहिरीत डोकावतात तसा.
गाडी हलवतो, कान लावतो,
मग म्हणतो, "बेटी, करवली तक का डाल."
तो रुपयांत मागत नाही. गावांत मागतो.

आधी मागायचा
करवली, सोसखेड, डोंगरपिंप्री, पार येळंबपर्यंत,
आणि परतीचं वेगळं.
ऐंशी झाले तेव्हा येळंब गळालं.
नव्वदीला डोंगरपिंप्री.
शंभर झाले त्या सोमवारी
नोटा दोनदा मोजल्या त्यानं
आणि सोसखेडचं नाव घेतलं नाही.
बांगडीचा भाव वाढवून बघितला म्हणाला,
बाया एकाच हातात भरून घेतात,
दुसरा पदराखाली ठेवतात.

येळंब माझं माहेर.
भावजयीला सातवा लागलाय.
फोनवर म्हणाली, चाचा येत नाहीत का गं आता?
दुकानातल्या आणल्या होत्या तुझ्या भावानं,
दोन चढवतानाच फुटल्या.
कुणीतरी हात दाबून, गप्पा मारून
भरायला पाहिजे ना चुडा.

या सोमवारी मी नळी लवकर सोडली नाही.
झिरो बघा चाचा, म्हटलं.
त्यानं बघितलं नाही, नोटा काढत होता.
आकडा पन्नास ओलांडून गेला तेव्हा दचकला.
"ज्यादा हुआ, बेटी."
येळंबचं आहे, मी म्हटलं,
आणि माझ्या पर्समधली नोट गल्ल्यात टाकली.
एक मिनिट तो झाकणच लावीत राहिला.
परतीचं माझ्याकडं नव्हतं,
हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी भावजयीचा फोन.
भरला गं चुडा, हिरवागार, कोपराच्या जवळपास,
एकही फुटली नाही.
पैसे घेईनात, मीच पेटीत टाकले.
पाणी प्याले,
आणि निघताना तुझ्या भावाला विचारलं,
उतार कुठून कुठून लागतो.

नऊ वाजता पंपाचे दिवे कमी करतात.
मी हिशेब घेऊन आत वळणार
तोच वरच्या घाटाकडून काहीतरी आलं,
दिवा नाही, इंजिनाचा आवाज नाही,
अंधारात एक वाकलेला माणूस
आणि त्याच्या मागं, खड्ड्याखड्ड्याला,
किणकिणणाऱ्या
न विकलेल्या काचा.