कार्डांचं कपाट

यादी संगणकात गेली
आणि कार्डांचं कपाट रिकामं झालं.
बहात्तर खण, पितळेच्या कड्या.
भंगारवाला गोळीबार चौकातून हातगाडी घेऊन आलासुद्धा.
मी म्हटलं, राहू दे.
का म्हटलं, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

कार्डांच्या पाठी कोऱ्या होत्या.
पहिली पाठ लिहिली सुलोचनाबाई हेडाऊंसाठी:
हिरवं दाबा. लाल दाबू नका.
मुलगी आडवी दिसली तर फोन आडवा आहे,
मुलगी बरी आहे.
त्या हसल्या. पण कार्ड घरी नेईनात.
"घरी हरपते वो. इथंच ठेवा, माह्या नावानं."
म्हणून ह च्या खणात गेलं,
जिथं आधी हळदीची लागवड होती.

मग खण भरतच गेले.
गॅसचं अनुदान कुठल्या खात्यात पडलं,
सातबारा कसा काढायचा,
आणि फ मध्ये, लाल शाईनं, फसवे फोन:
साहेब कितीही गोड बोलला तरी
आलेला आकडा सांगायचा नाही.

मला यातलं काही येत नव्हतं, हे सांगून टाकते.
माउस मी आधी
उंदरासारखाच धरायची, दोन बोटांनी.
वरच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी शिकवलं.
परीक्षा पुढे ढकलली की ती खाली येतात,
कूलरसमोर शर्ट फुगवून उभी राहतात,
आणि "मॅडम, सरका" म्हणतात.

मे महिना. दुपारचे अडीच.
दौलत निपाने आले, डोक्याला ओला दुपट्टा.
मिलमध्ये साच्यावर होते. मिल गेली,
पेन्शन उरली, तीही दोन महिने आली नाही.
बँक म्हणे, जिवंत असल्याचं कळवा.
बोटांचे ठसे उमटेनात,
म्हणून फोन त्यांच्या तोंडापुढे धरला.
फोन म्हणाला, पापणी हलवा.

"काका, पापणी."
"हलवूनच राह्यलो ना."
नव्हते हलवत. एकटक बघत होते.
चारदा फोननं त्यांना नाकारलं.
मग स्वतःच म्हणाले, जरा ओशाळून,
"सवय हाय बाई. धोटा पाहाचा असे.
पापणी पडली का धागा गेला."

प्रज्वल खोब्रागडे, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकलेला,
बाजूलाच पाणी पीत होता.
बाटली ठेवली, वाकला,
आणि त्यांच्या डोळ्यांवर हळूच फुंकर मारली.

हिरवी खूण.
दौलत निपाने जिवंत आहेत,
हे कळायला हवं तिथं कळलं.
मी कार्ड घेतलं, लिहिलं:
एकानं फोन धरावा, दुसऱ्यानं फुंकर मारावी.

त्यांनी कार्ड उलटून बघितलं.
पुढच्या बाजूला जुनी, तिरपी अक्षरं:
विहिरींवरचं कुठलंसं पुस्तक, कपाट नऊ.
"हे हाय का?"
संगणकाला विचारलं. नाही म्हणाला.
टंकणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असणार.
कपाट नऊमध्ये हात घातला
तर होतं, भिंतीला चिकटून,
पाठीवर कसरीची भोकं.

काखेत मारून घेऊन गेले.
विहीर कुठे खणणार, विचारलं नाही.
दहा महिने झाले, पुस्तक परत आलेलं नाही.
संगणकात नोंद नाही, म्हणून दंडही चढत नाही.
मी आठवणीचं पत्र पाठवत नाही.
मे मध्ये येतीलच,
जिवंत असल्याचं सांगायला.