पाठ

तन्मयी म्हणते, पहाटे पाचला उठा.
उठते.
तन्मयी म्हणते, आधी तुमचं 'का' शोधा.
विश्रामबागेतल्या दीड खोलीत,
कटरच्या पात्यांत, कागदाच्या कातरणांत,
गॅसवर उतू गेलेल्या खळीत
आठ दिवस माझं 'का' शोधलं.
सापडली हरवलेली टोचणी, कपाटाखाली.

तन्मयीला सव्वीस लाख लोक ऐकतात.
तिच्या मागची भिंत पिस्त्याच्या रंगाची,
कुंडीतलं पान कधी पिवळं पडत नाही.
मी तिला लिहिलं: मी सांगलीची, हातानं वह्या बांधते,
महिन्याला अकरा खपतात,
त्यातल्या चार मावशी घेते.
उत्तर आलं. एका सेकंदात.
लाल बदाम.

मग चार हजार नऊशे नव्व्याण्णव भरले.
पाठ तिसरा, मिनिट सतरावं:
तुमच्या आसपासच कुणीतरी आहे, त्याला गाठा.
एवढं सांगायला इतके पैसे? आई म्हणाली,
आणि त्याच दमात:
गणपती पेठेच्या मागं तो मगदूम आहे की,
हळदीवाल्यांच्या चोपड्या बांधायचा.

नेमगोंडा मगदूम.
वय विचारलं तर विचारतात,
कुठल्या पुरापासनं मोजू?
भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या गळ्याशी येणारी.
रेघेच्या वर लाल खारव्याचे तागे,
रेघेच्या खाली काही नाही.
खरं सांगायचं तर मी गेले होते
त्यांचा शिकंजा विकत मागायला.
ते म्हणाले, वही दाखव.

माझी सगळ्यात देखणी वही होती ती,
वर कृष्णेचा घाट, निळ्या ठशांत.
घाटाकडं त्यांनी बघितलंही नाही.
मधोमध उघडली, टेबलावर उताणी ठेवली,
तळव्यानं दाबली.
कट्.

"पाठ मोडली बघ पोरी.
वही आपसूक उघडी राह्यली पाह्यजे.
पेढीवर बसल्याला माणूस
एका हातानं लिव्हतो, दुसऱ्यानं काटा बघतो.
तिसरा हात न्हाई त्याला, वही धरायला."

त्यांनी मला शिकवलं, असं म्हणता येणार नाही.
ते शिवायचे. मी बघायचे.
चुकलं की 'हं' म्हणायचे.
बरोबर आलं तरी 'हं'.
दोन्हींतला फरक कळायला चार महिने लागले.

पण हेही सांगितलं पाहिजे.
एकदा, दोरा मेणावरून ओढता ओढता, मी विचारलं,
अण्णा, एका चोपडीचे किती घेता?
साठ.
कधीपासनं?
थोरलीच्या लग्नापासनं.
थोरलीचा मुलगा आता कॉलेजात आहे.

मग मी तन्मयीच्या सहाव्या पाठातलं
मजुरीचं गणित मांडलं,
त्यांच्याच एका कातरणीवर:
खारवा, खळ, दोरा, तास, डोळे.
डोळ्यांचे पैसे धरायला तिनंच शिकवलं होतं.
आकडा आला दोनशे ऐंशी.

बराच वेळ ते कातरण धरून बसले,
बुडालेलं येणं कुणी आणून द्यावं
आणि मोजायचा धीर होऊ नये, तसे.
मग म्हणाले, ह्ये तुला कुणी सांगितलं?

मी फोन पुढं केला, आवाज बंद ठेवून.
तन्मयी बोलत होती.
आज डोळ्यांखाली काळं होतं, रंगाखालूनही दिसणारं.
मध्येच तिनं दाराकडं बघितलं,
आत कुणी रडत असावं,
आणि परत हसली, होती तिथून.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"एकटीच बोलतीया की गं.
हिला 'हं' म्हणाया कोण हाय?"

सव्वीस लाख, असं मी म्हणणार होते.

रात्री एक वही बाजूला काढली,
उताणी ठेवून पाहिली, उघडी राहिली.
खाकी कागदात बांधली.
पत्ता विचारायला फोन उचलला तर
अंगठ्यावर खळ वाळलेली.
तीनदा टेकवला.
फोन मला ओळखेना.